पियदासाच्या बेटावरचे सिनेमे

सौ. यमुनेस, आखातातल्या अल कुसैसहून गंगारामचे मनापासून आशीर्वाद.

माझा खोकला कमी आहे, काळजी नको. तू बीपीची गोळी घेतेस ना?

खोलीतला श्रीलंकेचा पियदासा सुट्टीला मोबाईलवर त्याच्या देशाचे सिनेमे दाखवतो आणि हिंदीत अर्थ सांगतो. जुन्यांत चाली आपल्या हिंदी गाण्यांच्या, काही सिनेमे तामिळ, काहींत गाणंच नाही.

काल एकात म्हातारी समुद्राकडे बघत मुलाचं ताट वाढून बसली होती. पियदासा म्हणाला, "लडका शहर गया है, चाचा. आ जाएगा."

आपला नितीन होडीसकट बुडाला हे त्याला ठाऊक आहे. सिनेमातला मुलगाही बुडालेला, हे मला न सांगता कळलं. मी "अच्छा" म्हणालो.

तू नितीनचं ताट अजून वाढतेस का? वाढत असलीस तर वाढत जा, लोक काही म्हणोत.

तुझाच,
गंगाराम