माझ्या तेराव्याला गोड करू नये

मी, दिनकरराव नारायणराव गाडेकर, वय ६१, धंदा शेती, राहणार देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. भिडेखातर आजवर जेवलो तेवढं पुष्कळ झालं; सही भिडेखातर करत नाही. साखरेच्या आजारानं मूत्रपिंडं निम्म्यावर आली आहेत, म्हणून घाई.

१. राहतं घर पत्नी कस्तुराबाई हिच्या हयातीपर्यंत तिचं. दोन वर्षं तिनं मला ज्वारीची भाकरी आणि बिनसाखरेचा चहा दिला, स्वतःही तेच घेतलं. पहाटे मला चालायला काढलं. आता झोप लागते, वाकून चपलेचा पट्टा लावता येतो. हे सुख चाळिशीत घ्यायचं होतं.

२. विहिरीकडची दोन एकर धाकटा भाऊ गोपाळ याच्या वाट्याची. ती माझ्या नावावर राहून गेली, ती त्याची पत्नी राजेश्री हिला द्यावी. कारणही लिहितो. आमच्याकडं पंगतीत नको म्हणणाऱ्याला जास्त वाढतात, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. गोपाळला साखर आणि बीपी दोन्ही होतं. माझा मुलगा योगीराज याच्या लग्नात त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"दादा, डॉक्टरनं मना केलंय."

"माझी शपथ हाय तुला. एका दिवसानं काय मरायलास?"

त्यानं पाच जिलेब्या खाल्ल्या. त्या दिवसानं तो मेला नाही, पण पथ्य तिथंच सुटलं आणि चौथ्या महिन्यात गेला. राजेश्रीनं मला कधी बोल लावला नाही. तो मीच लावून घेतो.

३. माझ्या तेराव्याला गोड करू नये. वरण, भाकरी, भाजी पुरे. चुलतभाऊ आबासाहेब म्हणतील, "गोड केल्याबिगर सुतक फिटत न्हाई." त्यांनी आधी स्वतःच्या कमरेला टेप लावावा. वाढताना कोणी कोणाला शपथ घालू नये.

४. बाकी सहा एकर योगीराजला. तो माझ्याआधी वारल्यास नात सृष्टी हिला. असं कलम प्रत्येक मृत्युपत्रात असतंच, असं वकील म्हणाले. पण योगीराज छत्तीसचा आहे, कंबर एकशे नऊ सेंटीमीटर, उपाशीपोटी साखर एकशे अठ्ठ्याऐंशी. त्या वयात माझे आकडे याहून बरे होते. चल म्हटलं की म्हणतो, "दिवाळी होऊ द्या, अप्पा. मंग बघू." मला लय भीती वाटते.

परवा हे कलम त्याला वाचून दाखवलं. "असं कशाला लिहायलात?" म्हणाला. सृष्टी सहा वर्षांची, म्हणजे कायद्यानं अज्ञान. बाप नसल्यावर पालनकर्ती म्हणून तिच्या आईचं नाव लागतं. ते मी त्यालाच लिहायला लावलं.

पालनकर्ती: दीपिका योगीराज गाडेकर.

यातलं पहिलं अक्षर योगीराजच्या हातचं आहे. पुढं त्याला लिहवलं नाही, ते मी पुरं केलं. खाडाखोड समजू नये.

ठिकाण: सेलू
दिनांक: १९ सप्टेंबर २०२५

सही: दि. ना. गाडेकर

समक्ष साक्षीदार:
१. डॉ. धम्मशीला खिल्लारे, मला तपासणाऱ्या
२. नागनाथ शेवाळे, शेजारी