मिठ्ठूच्या छातीवरची पिसं

प्रताप नगर, नागपूर
१२ सप्टेंबर १९७७

तीर्थस्वरूप चंपतमामांस,

मुकुंदाचा दंडवत. आपला दमा, संत्र्याची झाडं आणि मामीचे गुडघे (या क्रमानं नव्हे, पत्र मामीच वाचून दाखवतात, हे मी जाणतो) सुखरूप असावेत. मी बी.एस्सी. अर्ध्यावर सोडली आणि आता दिवसभर पोपटापुढे बसतो, असं बाबांनी कळवलंच असेल. दोन्ही खरं आहे. कारण मात्र त्यांना ठाऊक नाही.

शेजारच्या प्रेमिलेच्या वडिलांची, दादाजींची, बदली कोराडीच्या वीजकेंद्रात झाली. तिथली राख मिठ्ठूला सोसणार नाही म्हणून जाताना तिनं पिंजरा माझ्या हाती दिला. (विश्वास ठेवायला तिला जगात मी सापडलो; यानंतर रसायनशास्त्रात मन कसं रमावं?) पंधरा दिवसांत मिठ्ठू स्वतःची पिसं उपटू लागला. आज त्याची छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी आहे. डोकं तेवढं हिरवंगार, कारण तिथवर चोच पोचत नाही. मी समजलो, विरह. माझंही तेच चाललं होतं. हळद-खोबरेल लावलं, तर तेलकट पिसं तो दुप्पट वेगानं उपटू लागला.

शेवटी गुरांच्या दवाखान्यात नेलं. दोन म्हशींच्या मधे नंबर लागला. डॉक्टरांनी पंख उलगडून पाहिले. उवा नाहीत, खरूज नाही. म्हणाले, नुसत्या डाळ-मिरचीवर ठेवू नका, फळं-भाजी द्या, आंघोळीला पाणी द्या, कुरतडायला सालीसकट फांद्या द्या, एकटा सोडू नका. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "घरात भांडणं होतात काय गा?" मी टेबलावर मूठ आपटून ओरडलो, "आमच्या घरात? कधीच नाही!" मिठ्ठूनं तिथल्या तिथे छातीचं एक पीस उपटून टेबलावर टाकलं. डॉक्टरांनी ते पीस उचलून माझ्याच हातात दिलं.

मामा, त्या दिवसापासून आमच्याकडे भांडणं कुजबुजत्या आवाजात होतात. बाबा कानाशी येऊन म्हणतात, "कॉलेज काहून सोडलं, गधड्या?" मी त्यांच्या कानात सांगतो, "माही मर्जी." राग तितकाच असतो, पण हळू बोलायचं तर जवळ बसावं लागतं, आणि जवळ बसलं की त्यांचे पांढरे झालेले कल्ले दिसतात. मग आम्ही दोघंही मिठ्ठूकडे पाहत बसतो. परवा तर सक्करदऱ्याहून पेरूच्या फांद्या त्यांनीच आणल्या, सायकलला बांधून.

रविवारी प्रेमिला आली. मी डॉक्टरांचं सगळं पाठ करून ठेवलं होतं. तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "याच्यावर कोन ओरडते गा?"

मी म्हणालो, "मी."

तिनं पिंजऱ्याचं दार उघडून पाण्याची वाटी भरली. पिंजरा मात्र तिनं नेला नाही. "पिसं येऊ दे, मग पाहू," म्हणाली. काय पाहू, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आपला भाचा,
मुकुंद

ता. क. छातीवर सहा कोंब फुटले आहेत. बाबांच्या मोजणीनं सात. वाद हळू आवाजात चालू आहे.

आणखी एक ता. क. दसऱ्याला आपण मला खडसवायला येणार, असं कळलं. आपल्या आवाजानं पलीकडच्या मळ्यातले बैल वळतात. कृपया येऊ नये. येत्या जूनमध्ये मी पुन्हा नाव घालणार आहे. बाबांना काल कानात सांगितलं. आवाज वापरायचाच असेल, तर पिसं भरल्यावर कोराडीला जाऊन प्रेमिलेसाठी शब्द टाकावा. आयुष्यभर बॉयलरपाशी काम करून दादाजींना कमी ऐकू येतं, आणि मला आता हळूच बोलता येतं.