टाच माझी, शिस्त तुमची

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगच, कारण उभ्याने करायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.) इकडे सगळं क्षेम आहे, माझी डावी टाच सोडून. तुमची तब्येत ठणठणीत असेलच; दुसऱ्याला खड्ड्यात घालणाऱ्यांची असते. ताईला नमस्कार सांगा, तिच्यावर माझा राग नाही.

रागाचं कारण सांगतो, चष्मा लावून नीट वाचा. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत असा काही खिळा घुसतो की ब्रह्मांड आठवतं. भिंत धरून बाथरूम गाठतो. थोडं चाललं की उतरतं, मग सलूनमध्ये दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा तेच. हे तुम्हाला फोनवर सांगितलं, तर तुम्ही क्षणाचाही विचार न करता निकाल दिलात: हाड वाढलंय, कठीण फरशीवर अनवाणी उभा राहा, आपोआप झिजेल. अहो, हाड म्हणजे काय वस्तरा आहे, दगडावर घासला की झालं? पण मी पडलो तुमचा चेला! कात्री धरायला तुम्ही शिकवलंत, म्हणून बूट काढून ठेवले आणि गिऱ्हाइकांच्या केसांत अनवाणी उभा राहिलो. हाड झिजलं नाही, मीच झिजलो.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली (हाडाला चीर आहे का म्हणून), घोट्यामागची शीर चाचपली, टिचक्या मारून नस दबलीय का तेही पाहिलं. टाच दुखायला एवढी कारणं असतात, भावोजी, आणि तुम्हाला एकच ठाऊक! मग म्हणाल्या, तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून दुखावलाय. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं (नाचू नका), पण दोष त्याचा नाही. ते पुष्कळांना असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. अनवाणी राहायला कोणी सांगितलं, असं विचारल्यावर मी तुमचं नाव घेतलं नाही, एवढी तरी जाण ठेवा. आता मऊ तळाचे बूट घालायचे, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा, आणि काम होईल तेवढं बसून करायचं. तरी काही महिने लागतीलच म्हणे.

बसून! इथंच घोडं अडलं. कात्री हातात असताना बूड टेकायचं नाही, ही तुमची शिस्त. शिकत होतो तेव्हा एकदाच टेकलो, तर भर दुकानात तुम्ही कान पिरगाळलात. तो अजून गरम आहे. इथल्या सलूनच्या मालकाने चाकांचं स्टूल आणून दिलंय. मी त्याला वळसा घालून काम करतो, सगळा भार उजव्या पायावर टाकून. परिणाम? माझ्या हातून गेलेलं प्रत्येक डोकं उजवीकडे उतरतं. काल एका मुख्याध्यापकांचे कल्ले असे झाले की ते सारखे दिसावेत म्हणून बिचारे मान तिरकी करून घरी गेले. मालक भडकला. म्हणाला, पुढच्या महिन्यापासून बसून काप, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला देतो. माझी खुर्ची, भावोजी, दारातून आत आल्यावरची पहिली! तुमच्या शिस्तीपायी मी ती घालवू?

तुमचा (नाइलाजाने) आज्ञाधारक
मेहुणा

ता.क. रागाच्या भरात मूळ काम राहिलंच. मला बसायची परवानगी द्या. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मेलं बूड टेकतच नाही, काय करू? पत्र मिळताच फोन करा.

ता.क. दुसरा: पाकीट चिकटवणार तोच ताईचा फोन आला. मी शिकून बाहेर पडलो त्याच आठवड्यात तुम्ही दुकानात उंच स्टूल आणलंत, आणि तेव्हापासून दाराचा पडदा ओढून बसूनच केस कापता म्हणे! टाच दुखते म्हणून! खड्ड्यात गेली परवानगी. स्टुलाची उंची तेवढी कळवा.