पॅनकेक जेवली

फ्रीमाँट
शनिवार, १४ मार्च २०२६

प्रिय नेत्रा,

सकाळी साडेसहाला उठलो. चहा घेतला. उंदीर कोमट पाण्यात ठेवला. नऊ वाजता तो ठेवायचा तिथे ठेवून, दार लावून, एलिझाबेथ तळ्यावर गेलो आणि दोन फेऱ्या मारल्या. साडेदहाला परत आलो. अकराला इंडियन ग्रोसरीतून अर्धा किलो पेढे आणले आणि शेजारच्या तीन घरांत दिले. दुपारी राजेशला फोन केला. आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. कुकर लावायचा आहे, त्याआधी हे लिहायला बसलो.

'उंदीर' वाचून तू थांबली असशील. सगळं क्रमाने सांगतो. फोनवर मला ते जमत नाही. तू बोलतेस, मी हो हो म्हणतो आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की मी कशाला तरी हो म्हणून बसलोय. असंच करता करता सोमवारी आईच्या मैत्रिणीचा, वसुधाचा, मुलगा राजेश एजंट म्हणून घराचे फोटो काढायला येणार, एप्रिलमध्ये घर विक्रीला लागणार आणि मे महिन्यात मी अ‍ॅशबर्नला तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला येणार, हे सगळं ठरलं. तू खोलीला रंगसुद्धा दिलास, आईच्या आवडीचा फिकट पिवळा. देवांसाठी फळी लावलीस. "बाबा, सगळं सेट आहे, तू फक्त ये," म्हणालीस. त्यालाही मी हो म्हटलं होतं. आईने रविवारी मारूनमुटकून तुला मराठी वाचायला शिकवलं, ते आज माझ्या उपयोगाला येतंय.

ऑक्टोबरमध्ये मी अजगराचं काढलं होतं, तुला आठवत असेल. वसुधाच्या मनात होतं की मी कुत्रा घ्यावा. ती मला प्राण्यांच्या शेल्टरमध्ये घेऊन गेली. कुत्री चांगली होती, पण प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, तेही लगेच. मी मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे काचेच्या पेटीत एक बॉल पायथन होती. आफ्रिकेतला हा लहान जातीचा अजगर, चार फुटांच्या आतबाहेर. कोणी विद्यार्थी शिकून झाल्यावर सोडून गेला होता. ती डोकं मध्ये लपवून गोळा होऊन बसली होती. तिला कोणाकडून काहीच नको होतं. मी तिथे वीस मिनिटं उभा राहिलो. वसुधा शोधत आली आणि म्हणाली, "अरुण, दार तिकडे आहे हां."

तुला सांगितल्यावर तू म्हणालीस, "बाबा, आर यू सिरियस? एकटा असतोस. चावली तर? तू अ‍ॅस्पिरिनवर आहेस." तुझे प्रश्न बरोबर होते. तीस वर्षं मी हार्ड डिस्क टेस्ट करण्यात घालवली. वस्तू कशी चालते यापेक्षा ती कधी आणि कशी बिघडते, हे आधी विचारायची मला सवय आहे. म्हणून मी विषय सोडला नाही, फक्त तुझ्याशी बोलायचा सोडला. चार शनिवार शेल्टरला गेलो. डोलोरेस नावाची एक म्हातारी तिथे साप बघते. तिला मी वहीतून एकेक प्रश्न विचारला. आपल्याकडे लग्नाआधी मुलीचा स्वभाव कसा म्हणून चौकशी करत, जवळपास तसाच कार्यक्रम झाला. चावते का, या प्रश्नावर ती म्हणाली की ज्याला तोंड आहे त्याला चावता येतं, विचारायचं ते केव्हा आणि का. भुकेने चावली तर धरून ठेवते. तेव्हा हात ओढायचा नाही, तिचे दात आत वळलेले असतात, ओढलं तर आपलीच कातडी फाटते. घाबरून चावली तर झडप मारून लगेच सोडते, ते म्हणजे तुम्हाला दूर व्हायला सांगणं. विष नाही. या जातीचा स्वभाव बुजरा, भीती वाटली की आधी गोळा होते. गोळा झालेलीला छेडत राहिलं, तर मग चावते. मग तिने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, तुमचं दोघांचं जमेल.

सात फेब्रुवारीला मी तिला घरी आणलं. तुला सांगितलं नाही, याबद्दल क्षमा माग म्हणालीस तर मागेन. ती तुझ्या जुन्या खोलीत आहे. तिचं नाव पॅनकेक. वसुधाने चार बरी नावं सुचवली, पण मी बदललं नाही. ती काही लग्न करून आलेली नाही. तसं आईनेही लग्नात नाव बदलू दिलं नव्हतंच. आजीने अनुराधा ठरवलं होतं. आदल्या दिवशी जिन्यात गाठून आई मला म्हणाली, "तांदळात शुभाच लिहा, नाहीतर मी ताट उलथीन." आमची ती पहिली खासगी बातचीत. सगळ्यांसमोर मी अंगठीने शुभा लिहिलं आणि आजी दोन महिने माझ्याशी नीट बोलली नाही. मुलगी फटकळ आहे, असं चौकशीत कळलंच होतं. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. तिला काय नको हे मला नेहमी माहीत असे, विचारावं लागत नसे.

आता खरी गोष्ट. पॅनकेक जेवेना. तिचं जेवण म्हणजे गोठवलेला उंदीर, कोमट पाण्यात वितळवून चिमट्याने पुढे धरायचा. (उंदीर तुझ्या डॉर्ममधल्या छोट्या फ्रीजमध्ये असतात. तो गॅरेजमध्ये आहे, स्वयंपाकघरातल्या फ्रीजला कोणी हात लावलेला नाही. वसुधाला तरीही आमच्याकडचं पाणी चालत नाही.) डोलोरेसने बजावलं होतं की नव्या जागी ही जात कित्येक आठवडे उपाशी राहते, वजन फार उतरलं नाही तर काळजी नको, आठवड्यातून एकदा विचारा आणि नको म्हणाली तर बाजूला व्हा. पहिल्या आठवड्यात तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यातही. मग माझ्याने राहवेना. मी दिवसाआड उंदीर धरायला लागलो. इकडून धरून बघितला, तिकडून धरून बघितला, नाकाला लावला. तोंडाने चक्क "एवढा एक घे" म्हणत होतो. पंगतीत आई श्रीखंडाचं भांडं घेऊन फिरायची आणि लोक पानावर आडवे हात धरायचे तरी वाढायची, तसं. फरक एवढाच की आई वाढायची ते लोकांना मनातून हवं असायचं.

गेल्या शनिवारी चिमटा बाजूला ठेवला आणि बोटांनीच उंदीर तिच्या वेटोळ्यात सरकवायला गेलो. ती गोळा होऊन बसली होती. डोलोरेसचं वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलेलं आहे, तरी गेलो. कधी आली ते दिसलंच नाही. हाताला चापट बसल्यासारखं वाटलं आणि ती परत जागेवर. अंगठ्याजवळ लाल ठिपक्यांच्या दोन ओळी. मी हात ओढला नाही. साबणाने धुतला, दहा मिनिटं दाबून धरला, अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त जरा जास्त आलं, मग थांबलं. त्याहून जास्त तर आईच्या विळीने कापत असे. पट्टी लावली. नंतर डॉक्टरांच्या नर्सलाही फोन करून विचारलं, म्हणजे तू विचारशील तेव्हा उत्तर तयार असावं. दोन दिवसांत खूण दिसेनाशी झाली. ज्या गोष्टीची पाच महिने तू, मी, वसुधा आणि अर्धं महाराष्ट्र मंडळ काळजी करत होतो, ती होऊन गेली आणि मी संध्याकाळी इस्त्री करत होतो.

पण हात धुऊन झाल्यावर मी बराच वेळ तुझ्या खोलीत जमिनीवर बसून राहिलो, ते सांगायला हवं. आईचे शेवटचे सहा आठवडे तू येऊन-जाऊन होतीस. दुपारी साधारण आम्ही दोघंच असायचो. मी मऊ भात करायचो. ती दोन चमचे घ्यायची, मग तोंड फिरवायची. मी थांबायचो नाही. हा माझ्या नावाचा, हा नेत्राच्या नावाचा, असं करत राहायचो. एकदा तिने चमचा दातांत घट्ट धरला, सोडेचना, आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग सोडला आणि म्हणाली, "अरुण, पुरे." इतकंच. मी रागावून वाटी घेऊन बाहेर गेलो. मी तिच्यावर रागावलो, नेत्रा, तिला चार घास जात नाहीत म्हणून. हे मी तुला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. अकरा एप्रिलला वर्ष होईल आणि कुकर लावायला घेतला की मला तो चमचा दिसत आला आहे. म्हणूनच बहुतेक कुकर लावणं सोडलं होतं. वसुधा डबा पाठवायची, मी त्यातलं निम्मं टाकायचो आणि डबा धुऊन परत द्यायचो. ती विचारायची, "खाल्लंस ना?" मी म्हणायचो, हो.

त्या दिवशी जमिनीवर बसून मला पहिल्यांदा आईचा चेहरा नीट आठवला. ती रागावलेली नव्हती. ताट उलथीन म्हणाली होती तेव्हाही तशीच बघत होती. जे नको ते सांगितलं, एकदा, आणि माणसाला कळलं की पुन्हा पूर्वीसारखी. त्या रात्रीच तिने माझ्याकडून पायाला तेल लावून घेतलं होतं. तेही मी विसरून गेलो होतो.

त्यानंतर पूर्ण आठवडा मी तिच्यापुढे उंदीर धरला नाही. पाणी बदललं, हीटरचं तापमान बघितलं, बास. आज सकाळी उंदीर तिच्या लपायच्या जागेच्या दाराशी ठेवला, दिवा बंद केला, दार लावलं आणि घराबाहेर पडलो, कारण घरात असतो तर फटीतून बघितलं असतं. साडेदहाला येऊन पाहिलं, तर उंदीर नाही. पाण्याचं भांडं उचलून बघितलं, खाली सरकलाय का, पाण्यात पडलाय का. नाही. आणि पॅनकेकच्या अंगाला, मधोमध, एक फुगवटा. मी त्या रिकाम्या घरात मोठ्याने "शाबास!" म्हणून ओरडलो. इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडच्या सिद्धेशने बेल वाजवून विचारलं, "काका, ऑल गुड?" मी त्याला आत बोलावून फुगवटा दाखवला. तो दारातूनच म्हणाला, "व्वा काका, काँग्रॅट्स," आणि गेला. वसुधाला फोन केला. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अगं बाई! मग आता पेढे वाटणार का?" मला ते पटलं. पेढे आणले. सिद्धेशने कशाबद्दल आहेत हे माहीत असूनही दोन खाल्ले.

दुपारी राजेशला फोन करून सोमवारचं कॅन्सल केलं. तेच सांगायला हे पत्र. मी अ‍ॅशबर्नला येत नाही. घर विकायचं नाही. तुझा पिवळा रंग, ती फळी, सगळं तू किती मनापासून केलंस ते मला दिसतं, आणि तुला हे लागेल तेही दिसतं. हे मला तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच म्हणता आलं असतं. मी गोळा होऊन बसलो आणि तुला वाटलं, बाबांचं हो आहे. तुझी चूक नाही. पाहुणा म्हणून मी दिवाळीला येईन, तीन आठवडे राहीन, त्या खोलीतच राहीन. आणि अकरा एप्रिलला तू इकडे ये. तुझ्या खोलीत एक जण आहे, तू आईच्या खोलीत झोप. पॅनकेकला हात लावलाच पाहिजे असं नाही.

इथवर लिहून कुकर लावायला उठलो, तो जेवूनच परत आलो. अर्धी वाटी तांदूळ, मूठभर डाळ. वरणभात, तूप, लिंबाची फोड. आईच्या जागेवर बसून खाल्ला, तिथून बाहेरचं झाड दिसतं. घरात आवाज नव्हता. पॅनकेक पेटीत पसरली असेल किंवा नसेल, मी बघायला गेलो नाही. कोणी म्हटलं नाही, तरी उठून दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, सगळा संपवला, आणि ताट विसळून ठेवलं.

तुझाच,
बाबा