सिमांव मेस्त्रीचा दगड

लिस्बन, ३ फेब्रुवारी १५६१

आलो एकदाचा! सेतुबालहून खेचरावर बसून पाठीचा भुगा झालाय, पण हुद्दा आठवला की सगळं विसरतो. राजाच्या आरमाराचा होकायंत्र-मेस्त्री म्हणजे मी, बेल्शियोर तावेरा! खिडकीतून तागुस नदी दिसते. कारखान्यात उजेड भरपूर, ऐरण जवळजवळ नवी. मार्चात हिंदुस्थानला निघणाऱ्या गलबतांसाठी चोवीस होकायंत्रं करून द्यायची आहेत.

आधीचा मेस्त्री सिमांव पिन्येल. नवख्रिस्ती होता, मूळचा ज्यू. ऑक्टोबरात धर्मन्यायालयाने त्याला जाळलं. त्याची विधवा जुस्ता मागच्या खोलीत राहते. होकायंत्रातल्या दिशांच्या चकत्या तिच्याइतक्या सुबक कुणी रंगवत नाही, म्हणून आरमाराने ठेवून घेतलंय. ‘‘सांभाळून हं मेस्त्री, पायरी तुटलीय. या घराने एक मेस्त्री घालवला तेवढा पुरे,’’ म्हणत तिने भाजलेल्या सार्डिनी वाढल्या. बाई तिखट आहे.

तिला हे ठाऊक नाही की धर्मन्यायालयाला तक्रारीचा कागद मी दिला होता. सिमांवने भर धक्क्यावर माझी सुई उचलून खलाशांना विचारलं होतं, ‘‘ही सुई की दात कोरायची काडी?’’ सगळे खिदळले. पुढे वर्षभर माझी एक सुई खपली नाही. मी एवढंच लिहिलं की पिन्येल दर शनिवारी ज्यूंसारखा धुतलेला सदरा घालतो. खरंच घालायचा का, देव जाणे. तक्रार करणाऱ्याचं नाव तिथे कुणाला सांगत नाहीत, ही पद्धत मला फार आवडते.

६ फेब्रुवारी

सुई घडवली की चुंबकदगडावर घासायची. याला आम्ही सुईला घास देणं म्हणतो. सिमांवचा दगड मुठीएवढा आहे, पण काय ताकद! दगडाचा जोर टिकावा म्हणून त्यालाही रोज लोखंडाचा कीस चारतात. ते काम जुस्ता करते. तिचा कीस फारच बारीक, राखाडी वाटला. विचारलं तर म्हणाली, ‘‘तुम्ही सुया बघा. स्वयंपाक माझा.’’

लसूण घरात आणायचा नाही, असंही तिने बजावलं. हे काय मला सांगायला हवं? लसणाने चुंबक मरतो, आमच्या धंद्यात त्याला कुणी शिवत नाही.

१२ फेब्रुवारी

सहा सुया झाल्या. सहाही चुकल्या. उत्तर सोडून माझ्या बाकाकडे बघतात. ऐरण बाहेर काढली, पट्ट्याचं बक्कलही काढलं. फरक नाही.

१३ फेब्रुवारी

भर दुपारी खिडकीशी गेलो. सुया वळल्या. दाराशी गेलो. वळल्या. जुस्ता चकती रंगवत होती, तिने मान वर केली नाही.

२० फेब्रुवारी

हिंदुस्थानला जाणाऱ्या जहाजाचा तांडेल जेरोनिमु तपासणीला आला. मी आधीच उत्तरेच्या भिंतीला टेकून उभा राहिलो, म्हणजे सगळ्या सुया उत्तर दाखवणार! ‘‘मेस्त्री, देवळातल्या संतासारखे काय उभे? हला की जरा!’’ म्हणाला. म्हटलं, पाठ धरलीय. तो सुयांवर जाम खूश होऊन गेला. जुस्ता मात्र माझ्याकडेच बघत होती.

२४ फेब्रुवारी

नदीपलीकडच्या खानावळीत लसणाचे दोन गड्डे खाल्ले. हातांनाही चोळला. सुया हटल्या नाहीत, उलट थरथरायला लागल्या.

जुस्ताला दारातच वास आला. ‘‘होकायंत्राचा कारागीर, आणि लसूण? सुईला भिणारा मेस्त्री आज पाहिला.’’ मग हसली. जाळलं त्या चौकातून तिने नवऱ्याची ओंजळभर राख आणली होती. तीच रोज दगडाला चारत होती. ‘‘कुणी सांगितलं ते पाद्री सांगेनात. म्हटलं, ह्यांनाच शोधू दे. शोधला बघ तुला.’’

तुला म्हणाली.

२५ फेब्रुवारी

दगड नदीत टाकला. उशीर झाला, चोवीस सुयांना घास देऊन झालाय. जुस्ताविरुद्ध कागद लिहायला बसलो, तोच आरमाराचा माणूस आला. मी तांडेलसोबत हिंदुस्थानला जायचं. जुस्ताने जेरोनिमुला जाऊन सांगितलं, हे मेस्त्री जवळ असले की सुया कशा शहाण्यासारख्या वागतात. राजाचा हुकूम. नाही म्हटलं तर तुरुंग. दारावर पहारा बसवलाय.

१५ मार्च, शनिवार

धक्क्यावर ती आली. सगळ्यांदेखत एक पुडकं हातात दिलं. आत धुतलेला सदरा.

‘‘घाल,’’ म्हणाली. ‘‘आज शनिवार आहे.’’

२१ मार्च

चोवीसही होकायंत्रं याच जहाजावर, बाकीच्या गलबतांना वाटेत द्यायची म्हणून. जहाज वळलं की मी पळतो, सुकाणूच्या उत्तरेला जाऊन उभा राहतो. पुन्हा वळतं. पुन्हा पळतो. खलाशी मला नाचरा मेस्त्री म्हणतात. झोप नाही—

२७ मार्च

उभ्या उभ्या डोळा लागला. सूर्य ढगात होता, सुकाणूवाला सुईवर विसंबला. दिवसभर गोल फिरलो. बाकीची गलबतं दिसत नाहीत. ऊन पडल्यावर तांडेलने सुई पाहिली, मग मी कुठे आहे ते पाहिलं.

२८ मार्च

त्यांनी मला या डोलकाठीपासून त्या डोलकाठीपर्यंत चालायला लावलं. सगळे सुईकडे बघत होते. एकाने छातीवर क्रूसाची खूण केली. दुसरा म्हणाला, लिस्बनची ती बाई आपण निघताना म्हणाली होती, सुई कुणाकडे वळली तर त्याला विचारा, सिमांव पिन्येलला कुणी जाळलं— मी पळालो. खाली, पिंपांमागे. फटीतून ऊन येतंय तेवढ्यात लिहितो—

२९ मार्च

होकायंत्र हातात घेऊन उतरताहेत. कुणीतरी मोठ्याने सांगतंय— डावीकडे— अजून— आता सरळ—

मी जाळलं नाही. एक ओळ लिहिली फक्त. एकच—

पिंपं सरकवताहेत. तांडेलचा आवाज. ‘‘सुई थांबली रे. धरा त्याला, आणि त्या सुयांसकट समुद्रात—