माळ्यावरचं बिननावी धनुष्य

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. वाकूनच करायचा होता, पण माळ्यावरून उतरताना कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घ्यावा. तुमचे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत औषध वेळेवर घालता ना? (इथे बाबांनी डोळ्यांचे थेंब कानात घातले होते. तेव्हापासून जास्त ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.) बाकी सगळे मजेत. पत्रास कारण असं, की माळ्यावर एक धनुष्य सापडलं आहे आणि तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही.

टाकी गळते म्हणून प्लंबरला घेऊन माळ्यावर चढलो होतो. त्याने जुन्या गाद्यांमागून कापडात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू काढली आणि पडद्याचा दांडा समजून खाली दिली. दांडा वाकडा आहे, टाकून द्या, असं तुमची सूनबाई म्हणाली. बाबांनी मात्र कापड सोडलं, मुठीवरून हात फिरवला आणि अगदी शांतपणे जाहीर केलं, की हे आपल्या वडिलांचं धनुष्य. आता, आजोबांना मी पाहिलेलं नाही. पण ते कचेरीतून आले की त्यांची छत्रीसुद्धा दुसऱ्याने मिटायची, हे बाबाच आम्हाला सांगत आले आहेत. तरी मी वाद घातला नाही. आई गेल्यापासून बाबा खिडकीपाशी बसून समोरच्या गॅरेजात कोणकोणत्या गाड्या आल्या ते बघतात, तेवढाच त्यांचा दिवस. त्या दिवशी ते खिडकीकडे फिरकले नाहीत, एवढं मला पुरे होतं.

पण धनुष्य कुठलं, कधीचं, कुणी केलेलं, काही कळेना. त्यावर नाव नाही, नंबर नाही, शिक्का नाही. शेजारचे प्रोफेसर (भौतिकशास्त्राचे, निवृत्त, बोलावण्याची वाट न बघणारे) म्हणाले, आधी दोरी चढवू, मग आपोआप उलगडा होईल. धनुष्य ज्या बाजूला वळलेलं दिसतं त्याच बाजूला आणखी वाकवायचं, असा त्यांचा सिद्धांत. एक टोक माझ्या पायाखाली, दुसरं त्यांच्या बगलेत आणि सूचना बाबांच्या. दोरी चढली. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. तेवढ्यात धनुष्य गर्रकन उलटं फिरून सुटलं, प्रोफेसरांचा चष्मा फ्रिजमागे गेला आणि माझ्या कंबरेत जे काही शिल्लक होतं तेही गेलं. (चष्मा मिळाला. त्याच्याबरोबर, मी हरवला म्हणून वर्षभर ऐकून घेतलेला आमटी वाढायचा मोठा डावही मिळाला. त्याबद्दल अजून कुणी माझी माफी मागितलेली नाही.)

शेवटी मैदानावर तिरंदाजी शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे धनुष्य घेऊन गेलो. बसमध्ये ते बाबांनी उभं धरलं होतं. कंडक्टरने त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं आणि सामानाचं जादा तिकीट बाबांऐवजी माझ्याकडून घेतलं, का ते विचारायचं धाडस झालं नाही. बाईंनी धनुष्य हातात घेऊन पहिला प्रश्न केला, "हे उलटं कुणी चढवलं होतं?" बाबांनी ताबडतोब प्रोफेसरांचा पत्ता सांगितला. या जातीचं धनुष्य नुसतं असताना पुढे वळलेलं असतं आणि दोरी चढवताना ते वळणाच्या उलट बाजूला वाकवायचं असतं, हे तेव्हा कळलं. मोडलं नाही हे नशीब.

मग त्यांनी ते उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिलं. हे शिकारीचं नव्हे, म्हणाल्या. लांब आहे, ओढायला हलकं आहे, आणि नेम धरायची पट्टी लावायला इथे बारीक भोकं पाडली आहेत. म्हणजे मैदानात उभं राहून गोल निशाणावर बाण मारायचं. आत लाकूड, दोन्ही अंगांना फायबरग्लासचा पातळ थर, तेव्हा फार तर बाबा शाळेत असतानाचं. करणारा आपलं नाव आणि ओढायला किती जोर लागतो तो आकडा मुठीच्या खालच्या बाजूला लिहितो. इथे मूळचं पॉलिश जसंच्या तसं आहे, म्हणजे कधी लिहिलेलंच नाही. "कुणी केलं ते सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण कुणासाठी केलं ते थोडंफार सांगते. बाण टेकवायची खाच उजवीकडे आहे. हे उजव्या हातात धरून डाव्याने ओढायचं. माणूस डावखुरा होता, आणि मूठ बघा, पंजा अगदी लहान."

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "आमचे वडील घरात डावखुरेच होते. ऑफिसात उजव्याने लिहायचे, नोकरीचा प्रश्न होता."

बाई चांगल्या आहेत. त्या वाद घालत बसल्या नाहीत, त्यांनी सरावाचं एक उजवं धनुष्य बाबांच्या हातात दिलं. बाबांचा पहिला बाण बरोबर मधोमध लागला, फक्त शेजारच्या मुलीच्या निशाणावर. त्या दिवसापासून ते रोज सकाळी मैदानावर जातात. तिथले तिरंदाजी क्लबवाले आता आपलं धनुष्य त्यांच्या हॉलमध्ये टांगणार आहेत, खाली आजोबांच्या नावाची पितळी पाटी. बाबांचं भाषण आहे. न्हाणीघरात तालीम चालते आणि आम्ही आंघोळीला ताटकळतो. आजोबांच्या तिरंदाजीबद्दल तुम्हाला काही आठवत असेल तर भाषणात घालण्यासाठी कळवावं, असं बाबांनी लिहायला सांगितलं आहे. म्हणून हे पत्र.

तुमचा भाचा

ता. क. मला विचारायचं होतं ते वेगळंच. आजोबांचा फोटो काढून पाहिला. त्यांच्या दोन बोटांतच ती मूठ संपेल. त्या घरात डाव्या हाताने सगळं करणारं माणूस एकच होतं. मागच्या खेपेला तुम्ही स्वयंपाकघरातल्या उंदराला बसल्या जागेवरून चप्पल मारलीत. डाव्या हाताने. उजव्यातला चहाचा कप खालीही ठेवला नाहीत, आणि उंदीर जागच्या जागी आडवा. आत्या, ते धनुष्य तुमचं आहे का? असेल तर बाबांना सांगू की नको? गप्प बस म्हणालात तर बसेन.

आणखी एक. पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात बाबांनी हे पत्र वाचलं. (सगळं. कानातल्या थेंबांसकट.) थोडा वेळ तोंड उतरलं होतं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "ताई लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी शिवणाच्या क्लासला जायची. आणि घरात एक पिशवी शिवलेली मला आठवत नाही." आणि ठसका लागेपर्यंत हसले. आता नवीन भाषण बसवायला पुन्हा न्हाणीघरात गेले आहेत. पाटीवाल्याला थांबवून ठेवलं आहे, तेव्हा उलट टपाली एवढंच कळवा, माहेरचं नाव घालायचं की सासरचं. बाबा म्हणतात, ताईने ते माळ्यावर ठेवलं तेव्हा तिचं जे नाव होतं तेच घाल. तरी म्हटलं, तुम्हाला विचारलेलं बरं.