‘बा’ या हाकेचा खुलासा

श्री बिरोबा प्रसन्न.

लिहून ठेवणार मायाप्पा बसवंतप्पा, जात धनगर, धंदा घोंगड्या विणून विकण्याचा, राहणार मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने अगर भिडेने नव्हे, तर स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर आहे. शंका येईल त्याने शेजारी हावगेप्पा यास विचारावे. आज सकाळीच त्याच्याशी भांडलो आणि हरलो नाही. छाती मात्र बिघडली आहे. जन्मभर लोकरीची धूळ गिळली, ती आता वर येते. अर्जनवीस म्हणाला, कागद उर्दूत करा, कचेरीत लवकर चालतो. परंतु ज्या एका शब्दासाठी हा सारा खटाटोप, तो मला दुसऱ्याच्या हातून लिहवून घ्यायचा नाही.

कलम पहिले. राहते घर, पुढच्या दुकानासह, माझा एकुलता मुलगा इरप्पा यास. तो तूर्त बायको व तान्ह्या मुलीसह संस्थानच्या हद्दीपलीकडे सोलापुरास आहे. तो येईपर्यंत घराला कुलूप घालू नये, नुसती कडी लावावी. वडिलांनी दिलेली मेंढरे विकून मी येथे माग घातला, तेव्हा भाऊबंद म्हणाले, धनगराने बूड टेकले की तो बिघडला. मला बूड टेकायचेच होते. कमठाण्याची निलम्मा नुकतीच लग्न होऊन आली होती. पुढे दुकान नावारूपाला आले, खजुरी गावच्या बाजारात गिऱ्हाईक माझे नाव घेऊन घोंगडी मागू लागले, तरी मी बाजारी कधी मुक्काम केला नाही. जेवण घरीच. लोक म्हणत, मायाप्पा बायकोच्या पदराला बांधलेला आहे. होतोच. ती गेल्यावर कुठे बांधून घ्यावे हे मला कळले नाही.

कलम दुसरे. दोन्ही माग, कातरी आणि खळ लावायचा कुंचा जगदेवीस द्यावा. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे विणते आणि माझ्या तोंडावर मला खडूस म्हणते. दुसऱ्या कोणाला ते जमले नाही. पेटीत जी शिल्लक असेल ती सुनेची. इरप्पाने त्या पैशाला हात लावू नये, त्याचा हात माझ्यासारखा सैल आहे. पांढरी घोंगडी नातीस. माझ्या प्रेतावर जुनी, ठिगळाची घालावी. विकाऊ माल मातीत घालणारा व्यापारी मी नव्हे.

कलम तिसरे. बांधावरचे चिंचेचे झाड हावगेप्पास दिले. घोंगडीला खळ चिंचोक्यांची लागते, म्हणून चिंचोके माझे असे मी म्हणत होतो. झाडाचे बूड माझ्याकडे, असे तो म्हणत होता. यावरून आमचा अबोला झाला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. आता त्याने फळे खावीत, चिंचोके जगदेवीस द्यावेत. हे झाड मी प्रेमाने देत नाही. त्या अबोल्याने माझे काय नेले ते खाली लिहितो.

कलम चौथे. हा खुलासा इरप्पासाठी.

निलम्माचे माहेर कानडी, आमचे घर मराठी. तिच्या बोलीत ‘बा’ म्हणजे ये. आमच्यात बा म्हणजे बाप. इरप्पाचा पहिला शब्द ‘बा’. मी गल्लीत गूळ वाटला. निलम्मा म्हणाली, “तुमाला न्हाई, मला बोलवायलाय.” हे भांडण आम्ही ती असेपर्यंत मोठ्या आवडीने भांडलो. इरप्पा आईशी कानडी बोले, माझ्याशी मराठी. तो मला बा म्हणे, आणि ती त्याला चुलीपासून हाक मारी, “बा, ऊटा माडु.” ये, जेव.

गेल्या फाल्गुनात आसपासच्या गावांतून जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या. लेकुरवाळी बायको घेऊन निघून जायचे इरप्पाने ठरवले.

“बा, हट्ट कामून करायलास? चल की.”

मी नाही म्हणालो. निलम्माची समाधी इथे, माग इथे. त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा नाही म्हणालो. निलम्माला माझा स्वभाव ठाऊक होता. पहिल्या बोलावण्याला मी कधी पाटावर बसलो नाही. आग्रह झाल्याशिवाय माझा घास उतरत नाही. निघायच्या सकाळी मी माझे गाठोडे बांधून दारामागे ठेवले आणि आणखी एकदा विचारील म्हणून उंबऱ्यावर उभा राहिलो. गाडी हलली. वेशीजवळून इरप्पाने वळून मोठ्याने हाक दिली, “बा!” मला वाटले, बापाचा निरोप घेतो आहे. मी हात वर करून आशीर्वाद दिला. गाडी वेशीबाहेर गेली.

माझा खोकला ऐकून ज्येष्ठात हावगेप्पा आपणहून ओट्यावर आला.

“गाडी ओढ्यापाशी लई येळ उबी व्हती तुज्यासाठी,” तो म्हणाला. “इरप्पा रडायलता. म्हणला, आईवानी हाक मारली, बा म्हणलं, तर बानं हातानंच न्हाई म्हणलं.”

“मग तवाच कामून सांगिटलं न्हाईस?”

“तू बोलायलतास व्हय माज्यासंगं?”

तेव्हापासून घर खायला उठते. मागाचा आवाज थांबला की मला ओढ्याच्या बाजूला बैलांच्या घुंगरांचा भास होतो. आता हद्दीवरची नाके बंद आहेत, टपाल जात नाही, आणि माझी छाती ओढ्यापर्यंतही साथ देत नाही. माणूस एकटा राहू शकतो. पण पोराला आपण नको झालो असे समजून राहणे फार वाईट, आणि त्याहून वाईट, तोही तसेच समजून बसला आहे हे कळणे.

कलम पाचवे व शेवटचे. मला निलम्माशेजारी मूठमाती द्यावी. वाट मोकळी होताच हावगेप्पाने हा कागद व दारामागचे गाठोडे सोलापुरास स्वतः नेऊन द्यावे. चिंचेची किंमत तेवढीच. गाठोडे मी सोडलेले नाही. त्यात दुसरे धोतर, पानाची चंची आणि वाटेत वाजवायला घेतलेला नातीचा खुळखुळा आहे. इरप्पा, गाठ तशीच आहे ती पाहा. ती माझ्या हातची, तुला ओळखू येईल. समाधीपाशी आलास तर एकदा बा म्हण. या खेपेस मी बरोबर ऐकेन.

मुक्काम मादन हिप्परगा, आषाढ शुद्ध पंचमी, शके १८७०, फसली सन १३५७.

सही, मायाप्पा बसवंतप्पा.

साक्ष, हावगेप्पा, शेजारी, निशाणी अंगठा. गाडी ओढ्यापाशी उभी होती, मी पाहिली.

साक्ष, मल्लप्पा, किराणा दुकानदार, सही. गाठोडे दारामागे आहे, बांधलेले आहे.